उघडल्यावर कळेल

‘धारणाधिकार’ हा शब्द मी चौतीस वर्षं लिहिला. जिल्हा परिषदेत आस्थापना शाखेला होतो. घर औरंगपुऱ्यात, ऑफिसही औरंगपुऱ्यात. दुपारी जेवायला घरी यायचो आणि बहुतेक वेळा परतही जायचो. कायम कर्मचारी दुसरीकडे प्रतिनियुक्तीवर गेला तरी मूळ पदावरचा त्याचा हक्क शाबूत राहतो, त्याला धारणाधिकार म्हणतात. माणूस बसणार वैजापूरला आणि इथली खुर्ची त्याच्या नावावर. महाराष्ट्र नागरी सेवा नियमांत हे १९८१ पासून सविस्तर दिलेलं आहे. इंग्रजी फायलींत याला लियन म्हणत. आमचा शिपाई त्याला लाइन म्हणायचा. “त्या साहेबांची लाइन अजून इकडंच आहे,” असं तो सांगायचा, आणि खुर्चीवरची धूळ त्या साहेबांच्या मानाखातर सोडून द्यायचा.

हा लियन घरालाही लागतो, आणि तो फरशीवाला लावू शकतो, हे मला साठी उलटून बरीच वर्षं झाल्यावर कळलं. कळलं तेही कॅलिफोर्नियातून.

भाची फ्रीमाँटला असते. तिचा सकाळी सहाला फोन आला. तिकडे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेपाच.

“मामा, आमचं घर जातंय.”

“कुठे?” मी विचारलं. सकाळी सहाला मला एवढंच सुचतं.

त्यांनी स्वयंपाकघर नवीन करायला घेतलं होतं. ठेकेदाराशी करार झालेला, फरशीची खोकी गॅरेजमध्ये येऊन पडलेली, काम दुसऱ्या दिवसापासून. आणि त्या दिवशी रजिस्टर टपालाने पत्र आलं. पाठवणारं एक फरशीचं दुकान. भाचीने ते दुकान जन्मात पाहिलेलं नाही. फरशी ठेकेदाराने आणलेली. पत्राचा मतलब असा, की तुमच्या घरासाठी आम्ही माल दिला आहे, ठेकेदाराने आमचे पैसे दिले नाहीत तर आम्ही तुमच्या घरावर बोजा चढवू शकतो, आणि तुम्ही ठेकेदाराला पैन्‌पै चुकती केलेली असली तरीही चढवू शकतो.

“तुम्ही आस्थापनेत होतात ना, तुम्हाला नियम कळतात,” भाची म्हणाली. जावईबापू संगणकातले मोठे अधिकारी आहेत. पण घर जायची वेळ आली की माणसाला कारकूनच आठवतो.

मी ते पत्र व्हॉट्सॲपवर मागवलं, भिंगाखाली धरलं आणि दोन दिवस वाचलं. इतकं सभ्य धमकीपत्र मी सरकारी नोकरीतही पाहिलं नव्हतं. वाचता वाचता समजलं ते असं. कॅलिफोर्नियात घरावर काम करणारा किंवा घराला माल पुरवणारा जो कोणी असेल, सुतार, रंगारी, फरशीवाला, त्याला आपल्या थकलेल्या पैशांसाठी त्या घरावरच हक्क नोंदवता येतो. हा हक्क नुसता साध्या कायद्यात नाही, थेट त्या राज्याच्या घटनेत आहे. मात्र ज्याचा मालकाशी थेट करार नाही, त्याने काम किंवा माल सुरू केल्यापासून वीस दिवसांत मालकाला तशी सूचना द्यायची. सूचनेला उशीर केला तर तेवढा मागचा हक्क बुडाला. म्हणजे ते पत्र भांडणाचं नव्हतंच. ‘नमस्कार, आम्हीही या लग्नाला आलो आहोत’ एवढंच त्यात होतं. आहेराचं पुढे पाहू.

भाचीला हे सांगितल्यावर तिने करार काढून पाहिला. त्यातही हाच इशारा ठळक अक्षरांत छापलेला होता. तिने अर्थातच तो वाचला नव्हता. शिकलेली माणसं करार वाचत नाहीत, सही करतात.

घरावरच्या या हक्काची कल्पना निघाली १७९१ साली, मेरीलँड राज्यात. अमेरिकेला वॉशिंग्टन ही नवी राजधानी बांधायची होती आणि गवंडी, सुतार, वीटवाले उधारीवर कामाला यायला राजी नव्हते. तेव्हा जेफरसन आणि मॅडिसन यांच्यासारख्या माणसांनी जोर लावून कायदा करवून घेतला, की बांधणाऱ्याचे पैसे थकले तर बांधलेल्या इमारतीवर त्याचा हक्क. एका देशाची राजधानी गवंड्याची समजूत काढून उभी राहिली, हे वाचून मला अमेरिकेबद्दल एकदम आपलेपणा वाटला.

याला कारण होतं. त्याच आठवड्यात मीही एका गवंड्याची समजूत काढत होतो.

आमचं घर अर्धं माळवदाचं आणि अर्धं स्लॅबचं. स्लॅब वडिलांनी १९७४ साली टाकला. गेली दोन वर्षं पावसाळ्यात तो आमच्या देवघरावर अभिषेक करायचा. म्हणून अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर गच्ची, मोरी आणि दर्शनी भिंतीचा गिलावा एवढं काम काढलं. गुत्तेदार आला. पुण्यात याला ठेकेदार म्हणतात, मुंबईत कॉन्ट्रॅक्टर. आमच्या मराठवाड्यात गुत्तेदार, आणि त्या शब्दातच थोडं गुंतवून ठेवणं आहे.

त्याने गच्चीवर टाच आपटली. कान लावला. मोरीत वाकून पाहिलं, भिंतीवर किल्लीने टकटक केली, आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात त्या आवाजात म्हणाला, “साहेब, काम जुनं आहे. उघडल्यावर कळेल.”

त्या वेळी मी मान हलवली. भाचीचं पत्र वाचल्यावर उलगडा झाला, की ही आपल्याकडची नोटीस होती! काम सुरू होण्याआधी, मालकाला, तोंडी. कॅलिफोर्नियाला ज्याला चार पानं लागतात ते इथे दोन शब्दांत होतं. रक्कम वाढेल, मुदत वाढेल, घर तुमचं असलं तरी किल्ली माझ्याकडे राहील, आणि मागाहून म्हणू नका की सांगितलं नव्हतं. सगळं त्यात आलं. मान हलवली ती माझी पोच.

अंदाज निघाला १,४०,००० रुपयांचा. तो त्याने सिमेंटच्या रिकाम्या गोणीच्या कागदावर लिहिला. उचल म्हणून मी ६०,००० दिले. कॅलिफोर्नियात घरदुरुस्तीच्या ठेकेदाराला आगाऊ रक्कम घेता येते ती कराराच्या दहा टक्के किंवा एक हजार डॉलर, यातलं जे कमी असेल तेवढी. तो नियम आमच्या गच्चीला लावला असता तर १४,००० वर भागलं असतं. शिवाय तिथे सही केल्यावर तीन दिवसांत करार मोडता येतो, आणि मालक पासष्टीचा असेल तर त्याला पाच दिवस मिळतात. आमच्याकडे पासष्टीच्या मालकाला गुत्तेदार ‘साहेब’ऐवजी ‘काका’ म्हणायला लागतो, एवढीच सवलत.

उघडल्यावर कळलं. कोब्याखाली दुसरा कोबा निघाला. त्याच्याखाली तिसरा. गळती लागली की वरून एक थर द्यायचा, या धोरणाने आमचं घर दर पंधरा वर्षांनी चार बोटं उंच होत होतं. सर्वांत खालच्या थरात, वडिलांच्या काळच्या विटांच्या तुकड्यांत, मुठीपर्यंत गाडलेली एक थापी सापडली. कोणा गवंड्याची राहून गेली असेल असं बायकोला वाटलं. मला नाही वाटत. त्या गवंड्याचे पैसे वडिलांनी पूर्ण दिले होते का, हे विचारायला आता वडीलही नाहीत आणि गवंडीही नाही. पण १९७४ पासून आमच्या घरावर कोणाची तरी लाइन होती, हे नक्की.

तीन थरांचा मलबा, त्याची वाहतूक, जास्तीचं सिमेंट, असं करत आकडा १,८५,००० वर गेला. हे मी गुत्तेदारापुढे कुरकुरलो, तर तो म्हणाला, “काका, जुन्या कामात एस्टिमेट कधीच राहत नाही.” आता हे वाक्य दुसऱ्या कोणत्याही गावात खपलं असतं. या गावात बीबी का मकबरा आहे. त्याला सात लाख मंजूर झाले होते असं सांगतात, आणि गुलाम मुस्तफांच्या तारीखनाम्यात प्रत्यक्ष खर्च दिला आहे ६,६८,२०३ रुपये आणि ७ आणे. मी वजाबाकी केली. ३१,७९६ रुपये ९ आणे शिल्लक! सतराव्या शतकात, घुमट-मिनारांसकट, अंदाजपत्रकाच्या आत काम करून दाखवलं. अताउल्ला आणि हंसपत राय या दोघांची नावं तिथल्या दरवाज्यावर कोरलेली आहेत, ती उगाच नाहीत. मी गुत्तेदाराला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, “ते नवीन काम होतं.”

मी गप्प बसलो. मुद्दा बिनतोड होता.

वाळू आली रात्री अकराला, कारण दिवसा औरंगपुऱ्याच्या बाजारातून ट्रक जायची सोय नाही. ती गल्लीच्या तोंडाशी पडली आणि तिथून दोन दिवस घमेल्याने आमच्या दारात आली. पोहोचेपर्यंत एका ब्रासमधला काही भाग मांजरांनी, काही पोरांनी आणि काही शेजारच्यांच्या कुंड्यांनी ठेवून घेतला होता. गिलाव्याला सात दिवस पाणी मारा म्हणून मिस्त्री सांगून गेला. आमच्याकडे नळाला पाणी येतं ते आठवडा उलटल्यावर. तेव्हा त्या सात दिवसांत घरातल्या माणसांनी पाणी प्यायचं की भिंतीने, यावर रोज सकाळी बैठक होत असे. भिंत जिंकली.

आठव्या दिवशी गुत्तेदार आला नाही. नवव्या दिवशीही नाही. फोन केला तर “साइटवर आहे” म्हणाला. मीही साइटवरच उभा होतो, तिथे तो दिसत नव्हता. चौकशीअंती कळलं, की वाळूजला एका कारखान्याच्या भिंतीचं काम त्याला मिळालं आहे. झालं! मूळ पद औरंगपुरा, प्रतिनियुक्ती वाळूज. आणि धारणाधिकार कसा शाबूत ठेवला होता म्हणता? दर्शनी भिंतीला बांबूची परांची. जिन्यात दोन घमेली आणि एक फावडं. पावसाने भिजून दगड झालेली सिमेंटची अर्धी गोणी. आणि गच्चीतल्या दोरीवर मिस्त्रीची लुंगी. मी नोकरीत भलेभले दस्तऐवज पाहिले, पण लुंगीइतका पक्का पुरावा पाहिला नाही. लुंगी आहे म्हणजे माणूस येणार. दुसऱ्या गवंड्याला बोलावून आणलं तर त्याने जिन्यातूनच लुंगी पाहिली आणि म्हणाला, “कोणाचं तरी काम चालू आहे इथं,” आणि गेला. रजेवर गेलेल्याच्या खुर्चीवर आम्हीही कधी बसलो नव्हतो.

समर्थनगरात एक वकीलमित्र आहेत. त्यांना विचारलं, आपल्या कायद्यात गुत्तेदाराला घरावर असा हक्क आहे का? ते म्हणाले, नाही. १८७२ च्या करार कायद्यात कलम १७० आहे, पण ते हातात दिलेल्या वस्तूपुरतं. त्या कलमाखाली उदाहरणं दिली आहेत ती मला फार आवडली. तुम्ही जवाहिऱ्याकडे पैलू पाडायला कच्चा हिरा दिला, तर मजुरी मिळेपर्यंत तो हिरा अडवून ठेवू शकतो. शिंप्याकडे कोटाला कापड दिलं आणि त्याने कोट झाला की लगेच देतो, पैसे तीन महिन्यांनी द्या असं कबूल केलं, तर मात्र त्याला कोट अडवता येत नाही. दीडशे वर्षं हा कोट त्या पुस्तकात लटकतो आहे. घर मात्र कोणाच्या हातात देता येत नाही, म्हणून घराला कलम १७० नाही. केलेल्या कामाचे पैसे बुडाले तर गुत्तेदाराने तीन वर्षांच्या आत दिवाणी दावा लावावा, इतकंच.

“आणि तुम्हा वकिलांचं काय? फी थकली तर फाइल ठेवून घेता ना?” मी विचारलं.

त्यांचा चेहरा उतरला. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगून टाकलं आहे म्हणे, की फीसाठी वकिलाला पक्षकाराची कागदपत्रं अडवता येत नाहीत. ज्यांना हा हक्क पाठ होता त्यांच्याच हातून तो गेला. शिंप्याचा कोटापुरता का होईना, आहे.

तर कायद्याने आमचं घर मोकळं होतं. मी समाधानाने घरी आलो, तर ओट्यावर नळवाला बसलेला.

मोरीतले जुने लोखंडी पाइप काढून नवे त्यानेच टाकले होते. काम चांगलं केलं होतं. एवढ्या सगळ्या कामात न गळणारी गोष्ट तेवढी एकच. गुत्तेदाराकडून त्याचे ६,५०० रुपये येणं होते आणि गुत्तेदार त्याचाही फोन घेत नव्हता.

“पण भाऊ, मी त्याला दिलेत पैसे. मोबाईलवरून गेलेत, हे बघा.”

“तुम्ही दिले असतील काका. मला नाही मिळाले. पाइप तर तुमच्याच घरात आहेत नं?”

आता यात खोटं कोण बोलत होतं? कोणीच नाही. मी दिले होते. त्याला मिळाले नव्हते. पाइप आमच्याच घरात होते. भाचीच्या पत्रातला एकेक शब्द आमच्या ओट्यावर येऊन बसला होता, तोही रजिस्टर टपालाचा खर्च न करता. फरक एवढाच, की तिला काम सुरू व्हायच्या आधी कळलं आणि मला मोरीला पाणी सोडल्यावर.

तो उठेना. म्हणाला, “मी बसतो.” आणि बसला. मला नोकरीतलं धरणं माहीत होतं, जिल्हा परिषदेच्या दारात मी शेकडो पाहिली. पण हे मूळचं धरणं. पेशवाईत येणेकरी देणेकऱ्याच्या दारात असाच जाऊन बसायचा. तो जेवायचा नाही आणि रीत अशी की घरधन्यानेही जेवायचं नाही. उपाशी दोघं, आधी कोण नमतो ते बघायचं. इंग्रजांना याची इतकी धास्ती, की १८६० च्या दंडसंहितेत कलम ५०८ खाली त्यांनी उदाहरणच घातलं: ‘अ’ हा ‘य’च्या दारात धरणं धरून बसतो, आणि आपण असं बसल्याने ‘य’वर देवाचा कोप होईल असं भासवतो. त्याला शिक्षा. धरणं आणि धारणाधिकार, दोन्ही एकाच धातूचे. मेरीलँडवाल्यांनी तो हक्क नोंदणी कचेरीत नेऊन ठेवला आणि आम्ही तो ओट्यावर बसवला.

आमच्याकडे या धरण्यात एक तांत्रिक बिघाड झाला. बायकोला पेशवाईची रीत माहीत नव्हती. दारात माणूस बसला आहे म्हणून तिने त्याला आधी चहा दिला, मग पोहे. दुसऱ्या दिवशी येसराची आमटी आणि भाकरी. “अगं, त्याला खायला घालू नकोस, तो धरण्याला बसलाय,” मी म्हणालो. “बसू द्या की, उपाशी कशाला?” ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी तो दहाऐवजी साडेबाराला आला, हात धुऊनच. शिवाय बसल्या बसल्या त्याने अंगणातला गळका नळ दुरुस्त केला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. देवाचा कोप व्हायचा सोडून घरात त्याची बाजू घेणारी माणसं वाढली. माझं मत मात्र मी चौथ्या दिवशी, जेवताना त्याच्याकडे न बघता, बदललं: त्याचं बरोबर होतं. घाम त्याचा, मोरी माझी. मधला माणूस वाळूजला. उन्हातान्हात फिरून त्या मधल्या माणसाला शोधायचं काम आम्हा दोघांपैकी ज्याचा एक दिवसाचा रोज बुडत नाही त्याने करावं. आणि तो मी होतो, पेन्शनर.

मी ६,५०० रुपये दुसऱ्यांदा दिले.

त्या रात्री भाचीला सांगितलं. ती आता तयार झाली होती. “मामा, बेबाकी घेतलीत का?” बेबाकी हा शब्द तिला मीच शिकवला होता. तिकडे हप्ता देताना फरशीवाल्याकडून, सुताराकडून, सगळ्यांकडून लियन सोडल्याचा कागद घ्यायचा असतो, आणि त्याचे चार प्रकारचे नमुने कायद्यानेच ठरवून दिले आहेत. तिने चारही गोळा करून फाइल केली होती. मी नळवाल्याकडून घेतलेला कागद तिला पाठवला. एका लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्याने लिहून दिलं होतं: ‘मोरीचे पैसे काकांकडून मिळाले. आता काही नाही. जेवण चांगलं होतं.’ भाची म्हणाली, हा पाचवा नमुना.

तिचं स्वयंपाकघर ठरल्या वेळेला झालं. घर जागेवर आहे.

गणपतीच्या दोन दिवस आधी गुत्तेदार उगवला. नळवाल्याला मी पैसे दिल्याचं ऐकून तो खरोखर दुखावला. “काका, मला विचारायचं नं. मी देणारच होतो त्याला.”

“कधी?”

“काम संपल्यावर.”

“काम कधी संपणार?”

“तुम्ही पुढचा हप्ता सोडला की.”

मग मी जुन्या सवयीने बसलो आणि एक मसुदा तयार केला. विषय, संदर्भ, अटी व शर्ती. यापुढे कामावर येणाऱ्या प्रत्येक मिस्त्रीने, बिगाऱ्याने आणि मालवाल्याने पहिल्याच दिवशी आपलं नाव आणि गुत्तेदाराकडून ठरलेली रक्कम घरमालकास कळवावी. प्रत्येक हप्त्यापूर्वी मागची बेबाकी दाखवावी. आगाऊ रक्कम दहा टक्क्यांच्या वर मिळणार नाही. खाली ‘अधोस्वाक्षरित’. तीन प्रती. गुत्तेदाराने एक प्रत दोन्ही हातांनी घेतली, आदराने वाचली, उलटी केली, आणि कोऱ्या बाजूवर उरलेल्या गिलाव्याचा हिशेब मांडला. “कागद चांगलाय काका,” म्हणाला.

नळवाल्याचे ६,५०० त्याने पुढच्या हप्त्यातून वळते करून दिले, हे मात्र इथे नोंदवलं पाहिजे. मिस्त्री येऊन लुंगी घेऊन गेला. तेव्हा मला वाटलं, आता काम सुटलं. पण त्याने जाताना थापी ठेवली, आमच्या १९७४ च्या थापीशेजारी.

दर्शनी भिंतीचा वरचा हात अजून राहिला आहे आणि परांची उभी आहे. यंदाचा आकाशकंदील आम्ही तिलाच बांधला. उंची अगदी बरोबर आली.